गर्भिणीचें ताट

घरांत सुनेला दिवस राहिल्याची गोड वार्ता कळली, कीं आनंदाच्या पहिल्या भरतीमागोमाग एक वाद हटकून उभा राहतो. डॉक्टरीणबाई रक्त तपासतात, कपाळाला आठी घालतात आणि विचारतात, "अंडीं तरी खातां कीं नाहीं?" एवढ्या एका प्रश्नानें घराचे दोन तट पडतात. वडील मंडळींना वाटतें, पिढ्यान्‌पिढ्या या घरच्या बायका वरण-भात खाऊन बाळंत झाल्या, त्यांचीं मुलें काय लुळींपांगळीं निपजलीं? तरुण मंडळींना वाटतें, सोंवळ्याच्या हट्टापायीं दोन जिवांची आबाळ चालली आहे. आणि जिच्यासाठीं हा सारा वाद, ती बिचारी मळमळीनें हैराण होऊन आंतल्या खोलींत पडलेली असते. तिला कोणी कांहीं विचारीत नाहीं.

आम्हीं आयुष्यभर शाळेंत मुलांना संस्कृत शिकविलें. वैद्यकी हा आमचा व्यवसाय नव्हे. परंतु निवृत्तीनंतर हातीं वेळ असल्यामुळें चरक-सुश्रुतांचीं शारीरस्थानें आणि त्यांच्या जोडीला आजच्या पोषणशास्त्राचे ग्रंथ आम्हीं सावकाश वाचून काढले. त्यांवरून आमचें जें मत बनलें तें आधींच सांगून टाकतों. शाकाहारानें गर्भिणीचें पोषण उत्तम होऊं शकतें. मात्र तें आपोआप होत नाहीं. आणि आपल्या घरांत तें होत नसेल, तर दोष पुष्कळदां पदार्थांकडे नसून ताट कोणाचें आधीं वाढलें जातें याकडे असतो.

प्रथम संहितांकडे वळूं. चरकाच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत गर्भिणीच्या आहाराचा महिनेवार क्रम दिला आहे. पहिल्या महिन्यांत साधें थंड दूध, दुसऱ्यांत मधुर औषधींनीं सिद्ध केलेलें दूध, तिसऱ्यांत मध व तूप घातलेलें दूध, चौथ्यांत दुधाचें लोणी, पांचव्यांत दुधापासून काढलेलें तूप, पुढें दोन महिने औषधीसिद्ध तूप, आणि आठव्यांत दुधांत शिजविलेली व वर तूप घातलेली यवागू, म्हणजे आपली पेज. सुश्रुत साठेसाळीचा भात सांगतो. तो तिसऱ्या महिन्यांत दुधाशीं, चौथ्यांत दह्याशीं, पांचव्यांत पुन्हां दुधाशीं आणि सहाव्यांत तुपाशीं. या दोनही आचार्यांचा आहार दुधाच्या कण्यावर उभा आहे, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. मात्र शाकाहाराचा पुरावा म्हणून संहिता पुढें करणाऱ्यांनीं तीं पानें पुरतीं वाचावींत. त्याच सुश्रुतानें चौथ्या महिन्यांत जांगल प्राण्यांच्या मांसाचाही उल्लेख केला आहे. वैद्य रोग्याचें बल पाहतो. पंक्तीचा आचार तो ठरवीत नाहीं. तेव्हां शाकाहार पाळावयाचा तर तो स्वतःच्या श्रद्धेनें पाळावा. चरकाच्या नांवावर तो खपवूं नये.

याच ग्रंथांत दुसरी एक गोष्ट आहे, ती आम्हांला अधिक मोलाची वाटते. गर्भिणीच्या ठायीं दोन हृदयें असतात, एक तिचें आणि एक गर्भाचें, म्हणून तिच्या इच्छेचा अव्हेर करूं नये, असें प्राचीनांचें म्हणणें. आपला ‘डोहाळा’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ शब्दापासून आला, तो याच कल्पनेच्या कुळांतला. चरक तर असें सांगतो, कीं इच्छा फारच तीव्र असेल तर अहितकर वस्तूही हितकर वस्तूंत मिसळून तिला द्यावी. कोठें ही समजूत आणि कोठें आपल्या माजघरांतील वाद! अंड्याच्या प्रश्नाचा निकाल आम्ही तरी येथेंच लावतों. तिला खावेंसें वाटत असेल व डॉक्टरांनीं सांगितलें असेल, तर घरानें आकांत करूं नये. तिला नको असेल, तर सुधारणेच्या नांवाखालीं तिच्यावर सक्तीही करूं नये. तिच्या मुखांत काय जावें हें ठरविण्याचा पहिला अधिकार तिचा आहे. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम प्रथिनें असतात. ती कांहीं अशी वस्तू नव्हे कीं जिला दुसरा पर्याय नाहीं.

डोहाळ्यांविषयीं आणखी एक. कालिदासाच्या रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत गर्भवती सुदक्षिणा राणी माती खाते आणि तिच्या मुखाचा मातीचा सुगंध राजा दिलीप आवडीनें घेतो. हा सर्ग शिकवितांना आम्ही मुलांना त्यांतील काव्य समजावून देत असूं. आजच्या वैद्यकाला त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. माती, खडू, भाजलेल्या मातीचीं खापरें, राख, कच्चे तांदूळ असले पदार्थ चघळण्याची ओढ हें बहुतेक वेळां अंगांतील लोह कमी झाल्याचें चिन्ह असतें. गंमत म्हणजे माती खाल्ल्यानें लोह मिळत तर नाहींच, उलट अन्नांतील लोह शोषलें जाण्यास अडथळा होतो, आणि पोटांत जंत होतात ते वेगळेच. म्हणून सून डब्यांतले तांदूळ चोरून खातांना दिसली, तर तिची थट्टा करीत बसूं नये. तिचें रक्त तपासून घ्यावें.

आतां ताटाच्या क्रमाकडे येऊं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या भोजनाचे नियम आहेत. अतिथि हा देव मानणाऱ्या त्या काळांत सुद्धां मनूनें स्पष्ट सांगितलें आहे, कीं नव्या सुना, कुमारिका, आजारी माणसें आणि गर्भिणी स्त्रिया यांना अतिथीच्याही आधीं, मनांत कसलाही विचार न आणतां, जेवावयास घालावें. मनूचीं इतर वचनें पाठ असणारीं आणि त्यांवरून हमरीतुमरीवर येणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. पण हें वचन आपल्या घरांत चालविणारीं घरें फार थोडीं पाहिलीं.

आमच्या माहितींतील एका कुटुंबाची हकीकत सांगण्याजोगी आहे. तेरा माणसांचा एकत्र संसार, रोजचें चार लिटर दूध, घरीं कढविलेलें तूप. धाकट्या सुनेला सहावा महिना लागला तेव्हां तिचें हिमोग्लोबिन आठाच्या खालीं आलेलें आढळलें. अकराच्या खालीं गेलें कीं गर्भिणीला रक्तक्षय झाला असें समजतात. तेव्हां आठाच्या खालीं म्हणजे काय तें उघड आहे. सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "आमच्याकडे दुधातुपाला तोटा नाहीं हो." आणि तें खरेंच होतें. थोरली जाऊ हुशार व हिशेबी. तिनें एक दिवस नुसती नजर ठेवली. सकाळचें अर्धें दूध तेरा माणसांच्या दोन वेळच्या चहांत गेलें. मग मुलांचे पेले, मामंजींचा रात्रीचा दूध-भात, देवाचा नैवेद्य, विरजण. धाकटीच्या वांट्याला दोन कप चहा आणि दुपारीं सगळ्यांचें झाल्यावर पातेल्याच्या तळाचें पाण्यासारखें ताक. उसळीचें तेंच. पहिल्या पंक्तीला मूग वर, रस खालीं. शेवटच्या पानावर रसच रस. तिला कोणी कमी वाढीत नव्हतें, कोणी टाकून बोलत नव्हतें. ती स्वतःच वाढीत होती, आणि तिची पाळी येईपर्यंत फोडणीच्या वासानें तिची भूकच मरून जात होती. हा हिशेब ऐकल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. त्यांचीं स्वतःचीं तीन बाळंतपणें त्याच तळच्या ताकावर झालीं होतीं. त्यांना कोणी मोजून दाखविलें नव्हतें, एवढाच फरक. डॉक्टरांनीं त्या मुलीला शिरेंतून लोह दिलें, कारण इतकी उणीव नुसत्या जेवणानें भरून निघत नाहीं. पण घरांतही एक फेरफार झाला. शाळेला जाणाऱ्या मुलांच्या पानांबरोबर साडेदहालाच तिचें पान मांडलें जाऊं लागलें, आणि तिच्या दुधाचें भांडें निराळें झालें. पूर्ण दिवसांची, बऱ्या वजनाची मुलगी झाली.

आतां तिला अधिक लागतें तरी किती? ‘आतां दोघांचें खायचें’ असें म्हणत तिच्या पानावर पोळ्यांवर पोळ्या वाढणारी आजी आणि ‘जास्त खाल्लें तर मूल मोठें होऊन बाळंतपण अडेल’ म्हणून तिचा हात धरणारी आत्या, दोघीही चुकतात. आणि पैकीं आत्या अधिक चुकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणें गर्भिणीला रोज सुमारें ३५० उष्मांक नेहमींपेक्षां अधिक लागतात. प्रथिनें चौथ्या ते सहाव्या महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम अधिक लागतात. हे आंकडे ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. अर्धा लिटर गाईच्या दुधांत सुमारें १६ ग्रॅम प्रथिनें असतात. ३० ग्रॅम डाळींत, म्हणजे मूठभर कच्च्या डाळींत, सात ग्रॅमच्या आसपास. झाला २२ ग्रॅमांचा मेळ. त्याच दुधांतून वरचे बरेचसे उष्मांकही येतात, आणि रोज लागणाऱ्या १००० मिलिग्रॅम कॅल्शियमपैकीं अर्ध्याहून अधिक कॅल्शियम पदरांत पडतें. चरकानें पहिल्या महिन्यापासून दूध कां सांगितलें असेल, याचें नवल वाटावयास नको. मात्र हें सर्व नेहमींच्या पोटभर जेवणाच्या वर असावयास पाहिजे, जेवणाच्या ऐवजीं नव्हे.

डाळ आणि तांदूळ यांची जोडी आपल्या पूर्वजांनीं कोणत्या अनुभवानें जुळविली कोण जाणे, पण ती फार शहाणपणाची आहे. प्रथिनें ज्या घटकांचीं बनतात त्यांपैकीं लायसिन नांवाचा घटक धान्यांत कमी व डाळींत भरपूर असतो, आणि मेथिओनिन डाळींत कमी व धान्यांत बेताचा असतो. एकाचें उणें दुसरा भरून काढतो. वरण-भात, मुगाची खिचडी, पुरणाची पोळी, भाजणीचें थालीपीठ, हीं सारीं त्याच जोडीचीं रूपें. मूग-मटकीला मोड आणले म्हणजे त्यांतील लोहाला अडवून धरणारें द्रव्य कमी होतें. म्हणून बिरडें आणि उसळ हा या दिवसांतील रोजचा जिन्नस असावा. नाचणीची भाकरी, आंबील किंवा सत्त्व यांची योग्यता तर फार मोठी; शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ज्यांना दूध सोसत नाहीं त्यांनीं नाचणी आणि तीळ यांना विसरूं नये. पालक आणि अळू यांतही कॅल्शियम आहे खरें, पण त्यांतील ऑक्झॅलेट त्याला बांधून ठेवतें. त्यापेक्षां राजगिऱ्याच्या बियांचे लाडू, मेथी, शेवग्याचा पाला यांवर भर द्यावा.

लोहाची गोष्ट निराळी आहे, आणि येथें शाकाहाराच्या अभिमान्यांनीं थोडें नमतें घ्यावें. संपूर्ण गर्भारपणांत शरीराला सुमारें एक हजार मिलिग्रॅम लोह जास्त लागतें. कांहीं गर्भ व वार यांसाठीं, पुष्कळसें वाढणाऱ्या रक्तासाठीं, आणि कांहीं प्रसूतीच्या वेळीं रक्तावाटे जातें. वनस्पतींतील लोह अंगीं लागतें तें शेंकडा पांच-दहा. एवढ्या मापानें हजार मिलिग्रॅम भरून काढणें केवळ पालेभाजीच्या जोरावर बहुतेकींना साधत नाहीं. म्हणून सरकारी आरोग्यकेंद्रांतून चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी ६० मिलिग्रॅम लोहाची व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस देतात, आणि बाळंतपणानंतरही पुढें १८० दिवस. ती गोळी म्हणजे आपल्या स्वयंपाकाचा अपमान आहे असें मानण्याचें कारण नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांतील पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ५२.२ जणींत रक्तक्षय आढळला. त्यांत मांसाहारी घरच्याही आल्याच. तेव्हां हा कलंक एकट्या वरण-भाताच्या कपाळीं मारतां येणार नाहीं.

गोळी घ्यावयाची कशी, याला मात्र महत्त्व आहे. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर ती घेणें म्हणजे पाण्यांत टाकणें. चहांतील टॅनिन आणि दुधांतील कॅल्शियम दोनही लोहाला अडवितात. जेवणानंतर लगेच चहा पिण्याची जी चाल पडली आहे ती या नऊ महिन्यांपुरती तरी मोडावी; तासा-दीड तासानें प्यावा. उलट लिंबू, आंवळा, पेरू, कोथिंबिरीची कच्ची चटणी यांतील ‘क’ जीवनसत्त्वानें लोह चांगलें शोषलें जातें. आपल्या वरण-भातावर लिंबाची फोड पिळण्याची रीत केवळ रुचीची नव्हे. कॅल्शियमची गोळी निराळी देतात, ती लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी. लोहाच्या गोळीनें शौचास काळें होतें, बद्धकोष्ठ होतो. त्याला भिऊन पुष्कळ मुली गोळ्या खिडकीबाहेर टाकतात आणि घरीं ‘घेतली’ म्हणून सांगतात. त्यांना रागें भरण्यापेक्षां डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. पूर्वीं भाजी बिडाच्या किंवा लोखंडाच्या कढईंत होत असे. त्या कढया माळ्यावरून खालीं काढाव्या. आणि बीट लाल आहे म्हणून त्यानें रक्त वाढतें, हा न्याय लावावयाचा तर जांभळें खाणाराचें रक्त जांभळें व्हावयास पाहिजे! केशर घातलेल्या दुधानें मूल गोरें होतें ही समजूतही त्याच जातीची. दूध तेवढें उपयोगी, केशर सोनाराच्या भावाचें.

फॉलिक आम्लाचा इतिहास आपल्या मुंबईशीं जोडलेला आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांत गरोदरपणीं एक भयंकर पांडुरोग होत असे. रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटत आणि आकारानें मोठ्या होत, आणि अनेक बाया त्यांत दगावत. नेहमींचे उपाय चालत नव्हते. विल्सबाईंनीं त्या स्त्रियांच्या अन्नाचा बारकाईनें अभ्यास केला, तसलेंच अन्न प्रयोगशाळेंतील प्राण्यांना घालून पाहिलें, आणि अखेर यीस्टचा स्वस्त अर्क, बाजारांत ‘मार्माइट’ नांवानें विकला जाणारा, दिला असतां रोग हटतो हें दाखविलें. १९३१ सालीं त्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला. त्या अर्कांत काय होतें तें लगेच उमगलें नाहीं. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळें काढण्यांत आलें, आणि पानाच्या लॅटिन नांवावरून त्याला तें नांव मिळालें. पुढें १९९१ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या मोठ्या प्रयोगांत असें ठरलें, कीं ज्या मातेचें आधींचें एक मूल पाठीच्या कण्याच्या व्यंगासह जन्मलें असेल, तिला गर्भ राहण्यापूर्वींपासून फॉलिक आम्ल दिल्यास तसलें व्यंग पुन्हां होण्याचा धोका शेंकडा ७२ नें घटतो. गर्भाचा मज्जारज्जु पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो. त्या वेळीं बहुतेकींना दिवस गेल्याचेंही ठाऊक नसतें. म्हणून मूल हवें असें ठरल्यापासूनच ही गोळी सुरू करावयाची. पालेभाज्यांत हें द्रव्य विपुल आहे, पण भाजी तासभर रटरट शिजवून पाणी ओतून दिलें, तर तें पाण्याबरोबर मोरींत जातें.

हें झालें शाकाहाराच्या बाजूचें. आतां त्याच्या विरुद्ध बाजूची एक खरीखुरी उणीव सांगणें प्राप्त आहे, आणि ती लपविणें म्हणजे आपल्याच लेकीसुनांशीं प्रतारणा होय. ब-बारा नांवाचें जीवनसत्त्व कोणत्याही भाजींत, डाळींत, फळांत नाहीं. तें केवळ सूक्ष्म जंतु तयार करतात, आणि प्राण्यांच्या मार्फत तें आपणांस मिळतें. शाकाहाऱ्यांना फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून. १९४८ सालीं अमेरिका आणि ब्रिटन या दोनही देशांत तें शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तें कमी पडलें तर रक्त बिघडतेंच, शिवाय मज्जातंतूंना इजा होते. हातापायांना मुंग्या येणें, जीभ सोलवटणें, विसरभोळेपणा, असलीं लक्षणें आपण ‘या दिवसांत व्हायचेंच’ म्हणून सोडून देतों.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींची जी दीर्घ पाहणी केली, ती प्रत्येक शाकाहारी घरानें समजून घेण्याजोगी आहे. त्यांतील दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-बारा कमी आढळलें, फॉलिक आम्ल मात्र जवळजवळ सर्वांत पुरेसें होतें. त्या मुलांना सहा वर्षांचीं झाल्यावर तपासलें तेव्हां असें दिसलें, कीं ज्या मातांत फॉलेट जास्त आणि ब-बारा कमी होतें, त्यांच्या मुलांच्या शरीरांत इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत मंद होता. म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट मातेच्या उदरांतच आंखली जात होती. २००८ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याच पाहणींत दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळें अधिक वेळां खाणाऱ्या मातांचीं मुलें जन्मतः अधिक चांगल्या अंगाचीं आढळलीं. शेतावर राबणाऱ्या साध्या बायांविषयींची ही हकीकत आहे. पण पेठेंतल्या आणि उपनगरांतल्या आपल्या घरांना ती कमी लागू आहे असें नाहीं.

शंभर मिलिलिटर दुधांत ब-बारा सुमारें ०.४ मायक्रोग्रॅम असतें, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमहून थोडी अधिक. म्हणजे अर्धा लिटर दूध-दही रोज खरोखर पोटांत गेलें तर बरीचशी गरज भागते. चहांत पडणाऱ्या पळीभर दुधानें भागत नाहीं. जिच्या अंगीं सांठाच नाहीं तिला मात्र दूधही पुरें पडत नाहीं. तिचें रक्त पहिल्याच भेटींत तपासून डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा टोंचणी घ्यावी. येथें सोंवळ्याची शंका काढणारांस सांगतों, कीं बाजारांतील ब-बारा जंतूंच्या संवर्धनानें तयार करतात, मांसापासून नव्हे. कॅप्सूलचें वेष्टन मात्र पुष्कळदां प्राण्यांच्या जिलेटिनचें असतें. ज्यांना तें चालत नाहीं त्यांनीं साधी गोळी मागून घ्यावी. विचारण्यांत लाज कसली? आणि ज्या घरांतील तरुण दूधही वर्ज्य करूं लागले आहेत, त्यांना तर या गोळीवांचून दुसरी वाट नाहीं.

उपवासांचा विषय टाळून चालणार नाहीं. आमच्या ओळखीच्या घरांत सातव्या महिन्यांतली सून हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेतां राहिली आणि संध्याकाळीं भोंवळ येऊन पडली, असें घडलेलें आहे. हें शास्त्राला मान्य आहे काय? गर्भिणीनें व्रताचा उपवास दुसऱ्याकडून करवावा, आपण पूजा तेवढी करावी, अशी मोकळीक पुराणकारांनीं व निबंधकारांनीं देऊन ठेवली आहे. देवाला नको असलेला उपवास आपण तिच्यावर कां लादावा? आणि फराळ करावयाचाच तर साबूदाणा हा त्यांतला सर्वांत दरिद्री पदार्थ. तो निव्वळ पिष्ट, प्रथिनें नांवालाही नाहींत. त्याच्या ऐवजीं राजगिऱ्याची लापशी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, दूध, केळें, खजूर द्यावा. नेहमीं सैंधवच वापरणाऱ्या घरांनीं हेंही ध्यानांत ठेवावें, कीं त्यांत आयोडिन घातलेलें नसतें, आणि आयोडिनवांचून गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. रोजच्या स्वयंपाकांत आयोडिनयुक्त मीठच असावें.

मळमळीच्या दिवसांत हें सगळें ज्ञान फोल ठरतें, हें आम्ही जाणतों. तेव्हां थोडें-थोडें, तिला रुचेल तें, तिच्या वेळेला: उठल्याबरोबर कोरडी लाही किंवा भाकरीचा पापुद्रा, आल्याचा तुकडा, आमसुलाचें सार, मेतकूट-भात. फोडणीचा वास सोसत नसेल तर तिला स्वयंपाकघरांतून सुट्टी द्यावी. दूध उकळूनच द्यावें. पिकल्या पपईची भीति बाळगूं नये, कच्च्या पपईच्या चिकापासून मात्र दूर राहावें. आणि डिंकाचे, सुक्यामेव्याचे लाडू उठतांबसतां खाऊं घालणाऱ्या माहेरच्या मंडळींना एक विनंति. रक्तांतील साखर तपासल्याशिवाय तसें करूं नये. पहिल्या भेटींत आणि पुन्हां सहाव्या-सातव्या महिन्यांत ही तपासणी होते. जिची साखर वाढलेली निघेल, तिच्यासाठीं चरकाचें तूप आणि आत्याबाईंचे लाडू दोनही डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच.

बाळंतपण झालें, बारसें झालें, कीं गोळ्यांच्या बाटल्या कपाटाच्या मागें जातात. शाकाहारी मातेच्या बाबतींत हें धोक्याचें आहे. १९६२ सालीं वेलोरच्या डॉक्टरांनीं दक्षिण भारतांतील कांहीं तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. तीं आईच्या दुधावर होतीं, दिसावयास गुटगुटीत, पण हळूहळू निस्तेज होत गेलीं. हंसेनाशीं झालीं, मान धरीनाशीं झालीं, हातपाय विचित्र हलूं लागले. मातांच्या दुधांत ब-बारा फार कमी होतें. औषध देतांच मुलें कांहीं दिवसांत टवटवीत झालीं. म्हणून बाळंतिणीला हळिवाची खीर आणि मेथीचे लाडू देतांना लोहाची, कॅल्शियमची आणि सांगितली असल्यास ब-बाराचीही गोळी चालू ठेवावी, मूल अंगावर पीत आहे तोंवर. आणि अर्धा लिटर दुधाचें तें निराळें भांडें उष्टावण होईपर्यंत तरी दुसऱ्या कोणाच्या चहाकडे वळवूं नये.